बुधवारचे लाल गोल

बेळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर मशीन उघडून बसतो. खरं तर निम्मा वेळ 'नेट कोण खातंय' याच्या चौकशीत जातो.

खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींकडे गेल्या नोव्हेंबरात मी तिसऱ्यांदा गेलो. लोकांच्या जमिनीची कन्नड पहाणीपत्रकं ते मराठीत टाइप करून देतात. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा डेटा दीड जीबी. महिन्यातून एखाद्या दिवशी सकाळी अकराच्या आत तो साफ.

पहिल्या खेपेला मीच म्हटलेलं, "शेजारचं पोरगं वापरतंय की गुरुजी तुमचं नेट." आणि पासवर्ड बदलून दिला. दुसऱ्या खेपेला विंडोजचे अपडेट दिवसा उतरू नयेत म्हणून 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' (मशीन वापरात असण्याच्या वेळा) सकाळी ८ ते रात्री १० लावले, दोनशे रुपये घेतले. तिथंच घोळ. त्या वेळा फक्त मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ नये म्हणून असतात, अपडेटचं डाउनलोड त्यांना जुमानत नाही. इतकी वर्षं या धंद्यात असून मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या लाइनीतल्या बऱ्याच जणांना अजूनही नसेल, पण दोनशे सगळेच घेतात.

"बस जरा," म्हणत गुरुजींनी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. डेटा संपला त्या तारखांवर लाल गोल: १३ ऑगस्ट, १० सप्टेंबर, १५ ऑक्टोबर, १२ नोव्हेंबर.

"सगळे बुधवार. चोर काय वार बघून येतो होय रे?"

मी गप्प. विंडोजचे महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी सुटतात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, थंडीत साडेअकरा. गुरुजींचं मशीन त्या वेळी बंद. बुधवारी सकाळी बटण दाबलं की सगळं एकदम ओढायला लागतं. ऑक्टोबरचा गोल तिसऱ्या बुधवारी कसा, यावर मी थोडा अडलो. मग दिसलं, महिनाच बुधवारी सुरू झालेला.

विंडोजच्या होम आवृत्तीत डाउनलोडची वेळ ठरवायची सोय नाही. म्हणून हॉटस्पॉटचं कनेक्शन 'मीटर्ड' केलं, म्हणजे इथं डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगितलं. आता बहुतेक अपडेट आपणहून उतरत नाहीत, डाउनलोडचं बटण दाखवून थांबतात. डेटा रात्री बाराला नवा होतो, तेव्हा बुधवारी रात्री अकराला दिवसाच्या उरलेल्यावर ते दाबायचं. नाहीच पुरलं तर बाराच्या पुढं. गुरुजींनी लगेच १० डिसेंबरवर पेन्सिलीनं गोल काढला, शेजारी बारीक अक्षरात 'रात्री ११'.

पैसे मी घेतले नाहीत. निघताना विचारलं, "ते पोरगं येतं का अजून?"

आधी ते रोज संध्याकाळी गणितं सोडवायला यायचं म्हणे. पासवर्ड बदलला त्या आठवड्यापासून बंद. गुरुजींनी त्याच्या आईकडे दोनदा निरोप धाडला. मी त्या घरावरूनच गाडी काढली. पोरगं कट्ट्यावर बसलेलं, मला बघून आत गेलं.