आमची वाटचाल : अलार्म तुमचा, तर कोडही तुमचेच

दुकानांच्या शटरला मॅग्नेटिक सेन्सर आणि भोंगा बसवण्यापासून आमच्या फर्मची सुरुवात झाली. तेव्हा अलार्म चावीने चालू-बंद व्हायचा. पुढे बंगल्यांची, फ्लॅटची कामं आली, भिंतीवर कीपॅड आले आणि तक्रारी बदलल्या. सेन्सर सहसा दगा देत नाहीत, घोडं अडतं ते कोडपाशी.

पॅनलमध्ये, म्हणजे सेन्सर, भोंगा आणि कीपॅड जोडलेल्या मुख्य बोर्डात, कोड मुख्यतः तीन पातळ्यांचे असतात. रोजच्या वापराला यूजर कोड, यूजर वाढवायला-काढायला मास्टर कोड आणि झोन (सेन्सरनुसार पाडलेले घराचे भाग), सायरनची वेळ, फोन नंबर अशा मूळ सेटिंगसाठी इन्स्टॉलर कोड. डीएससी या कंपनीच्या पॉवरसिरीज पॅनलमध्ये मास्टर 1234 आणि इन्स्टॉलर 5555 असा कारखान्यातूनच येतो. हे आकडे मॅन्युअलमध्ये छापलेले आहेत, त्यामुळे दोन्ही बदलल्याशिवाय आम्ही काम पूर्ण झालं असं धरत नाही.

याच पॅनलवर यूजर कोड घालायला *5 दाबून मास्टर कोड टाकायचा, मग जागेचा (पॅनलमध्ये प्रत्येक कोडसाठी असलेल्या खणाचा) दोन आकडी नंबर, मग नवा कोड, शेवटी #. मास्टरची जागा 40. कामाच्या मावशी, ड्रायव्हर, भाडेकरू यांना प्रत्येकी वेगळी जागा द्या. कुणी काम सोडलं तर तेवढ्या जागेवर * दाबलं की कोड गेला, बाकीच्यांना धक्का लागत नाही. काही मॉडेलमध्ये 33 आणि 34 या जागा धमकीच्या प्रसंगासाठी आहेत. हा कोड टाकला की अलार्म नेहमीसारखा बंद होतो, पण मदतीचा संदेश बाहेर जातो. डायलरला (पॅनलचा फोन लावणारा भाग) नंबर जोडलेले नसतील तर मात्र संदेश कुठेच पोहोचत नाही. ही जोडणी तपासून घ्याच.

कोड निवडताना गाडीचा नंबर आणि जन्मसाल टाळा. कीपॅडची चार बटणं झिजलेली दिसली, तर चार आकडी कोडच्या शक्यता 10,000 वरून थेट 24 वर येतात. वर्षातून एकदा तरी कोड बदला आणि सलग चुकीचा कोड पडला की कीपॅड कुलूपबंद करणारी सोय चालू ठेवा.

जीएसएम, म्हणजे मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या, पॅनलमध्ये सिम घालण्याआधी ते मोबाइलमध्ये टाकून सिमचा पिन बंद करा, नाहीतर पॅनलला नेटवर्कच मिळत नाही. फक्त 2जीवर चालणाऱ्या पॅनलला जिओचं सिम उपयोगाचं नाही. रिचार्ज संपला की एसएमएस जाणं बंद होतं आणि ते प्रसंग येईपर्यंत कळत नाही.

इन्स्टॉलर कोड स्वतःकडे दाबून ठेवून ग्राहकाला एएमसीला (वार्षिक देखभाल कराराला) बांधून घेण्याची रीत या धंद्यात आहे. ती आम्हाला मान्य नाही. इन्स्टॉलर लॉकआउट (कोडशिवाय बोर्ड मूळ स्थितीत नेऊ न देणारी सोय) चालू असेल आणि कोड हरवला, तर डीएससीचा बोर्ड साइटवर फॅक्टरी सेटिंगला परत नेता येत नाही, तो बदलण्याचा खर्च घरमालकावर येतो. म्हणून काम संपलं की लॉकआउट चालू आहे की बंद, हे आम्ही लिहून देतो आणि इन्स्टॉलर कोड सीलबंद पाकिटात घरमालकाच्या हाती ठेवतो. ते पाकीट पॅनलच्या पेटीत ठेवू नका, घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवा.