तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडची पोरं कशी वागतात?

मी बोटीवर नोकरी केली, त्यामुळे हर्णै-दापोलीकडे कुठल्या लग्नाला गेलो की हा प्रश्न येतोच, "काका, परदेशातली तरुण पोरं चारचौघांत कशी वागतात हो, आपल्यापेक्षा शिस्तीची असतात ना?" काहींना ती एकदम सज्जन हवी असतात, काहींना पार वाया गेलेली.

तर सांगतो. मला कुठल्याच देशातल्या पोरांच्या रक्तात काही वेगळं दिसलं नाही. जपानमध्ये योकोहामाला ट्रेन कॉलेजच्या पोरांनी भरलेली असते पण फोनवर बोलताना क्वचितच कोणी दिसेल, आणि कचरा बॅगेत घालून घरी नेतात, कारण १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला त्यानंतर कचऱ्याचे डबे बऱ्याच ठिकाणचे काढूनच टाकले, आणि मुळात शाळेत वर्ग पोरंच झाडतात-पुसतात, ती सवय अंगात मुरलेली. सिंगापूरला मेट्रोत पोरं पाण्याचा घोट पण घेत नाहीत, तिथे ५०० डॉलरपर्यंत दंड आहे, विषय संपला. जर्मनीत हॅम्बुर्गला सोळाव्या वर्षी बिअर कायद्याने चालते, उन्हाळ्यात एल्बे नदीच्या वाळूवर घोळकेच्या घोळके बाटल्या घेऊन बसलेले, पण बाटली दुकानात परत दिली की ८ सेंट मिळतात, कॅनचे २५, म्हणून ज्याला परत द्यायचा कंटाळा तो बाटली डब्याच्या शेजारी उभी ठेवतो आणि कोणीतरी गरजू माणूस ती घेऊन जातो. आणि स्पेनमध्ये पोरं रात्री चौकात जमून पितात, बोतेयॉन म्हणतात त्याला, बऱ्याच शहरांत बंदी आहे तरी चालतं, सकाळी त्या चौकाकडे बघवत नाही. युरोप म्हणजे शिस्त असं ज्यांना वाटतं त्यांनी ते बघावं.

चुंबनाबद्दल पण हळूच विचारतात. युरोपात घेतात, कोणी वळून बघत नाही, एवढंच.

आता आपली पोरं. कर्दे-मुरुडला वीकेंडला थेट वाळूत गाड्या घालतात, भरती आली की गाडी रुतते आणि मग ट्रॅक्टरसाठी गावभर धावपळ, आणि बाटल्यांच्या काचा आमच्या मच्छीमारांच्या पायात, माझं डोकंच फिरतं. पण तसलीच पुण्यामुंबईची पोरं मार्चमध्ये वेळासला कासवं बघायला येतात ना, तेव्हा पहाटे उठून दोरीच्या मागे गप उभी असतात, बोटभर पिल्लू लाटेपर्यंत पोचायला कितीही वेळ लावू दे, कोणी पुढे घुसत नाही, फ्लॅश मारत नाही. कारण तिथे गावातलाच माणूस समोर उभा राहून नीट समजावतो आणि आदल्या रात्री ही पोरं गावातच कोणाच्या तरी घरी पानावर बसून जेवलेली असतात. ओळख झाली की माणूस सांभाळून वागतो, मग तो कुठल्या का देशाचा असेना.

मला मात्र सगळ्यात जास्त लागलं ते पोरींचं. योकोहामाला बंदरालगत यामाशिता पार्क आहे, तिथे रात्री उशिरा एखादी मुलगी एकटीच बाकावर बसून समुद्र बघत असायची, कानात हेडफोन, घाई नाही, मागे वळून बघणं नाही. तिकडे सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही, गर्दीतल्या छेडछाडीमुळे तिथेही ट्रेनला बायकांचे वेगळे डबे ठेवावे लागलेत. पण ते बाक मला अजून आठवतं. आमच्याकडे समुद्र दारात, आणि जेट्टीवर अंधार पडल्यावर मुलगी दिसली की ती घरी पोचायच्या आधी तिच्या घरी फोन पोचलेला असतो, मुलगे मात्र बारा वाजेपर्यंत बसले तरी कोणाचं काही म्हणणं नाही. माझी पुतणी या किनाऱ्यावर वाढली, पण रात्रीचा समुद्र तिने कायम कोणाच्या तरी सोबतीनेच बघितलाय. परदेशातल्या पोरांची शिस्त विचारणाऱ्यांनी हे का विचारू नये?

जेट्टीच्या रस्त्यावर दिवे लावा आणि पोरींच्या घरी फोन करणं बंद करा, असं मी वाडीच्या मीटिंगमध्ये सरळ बोललो. दिव्यांना सगळ्यांनी हो म्हटलं. फोनच्या मुद्द्यावरून दोन-चार जुनीजाणती मंडळी माझ्यावर नाराज आहेत, अजून नीट बोलत नाहीत, पण मी पुढच्या मीटिंगला परत तेच बोलणार आहे.