तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, मराठी टिकंल का हो?"

नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, वीस वर्षं होत आली. लग्नपत्रिका, वास्तुपूजनाची कार्डं, तेरवीची कार्डं, शाळांचे पेपर असं सगळं दिवसभर टाइप करत असते, आणि प्रूफ वाचता वाचता गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं, "ताई, तुम्ही तर दिवसभर हेच करता, मराठी टिकंल का हो?" फेब्रुवारीत तर रोज कोणीतरी विचारतं, कारण 27 तारखेच्या मराठी भाषा दिनाच्या पत्रिका तेव्हाच छपाईला येतात. काउंटरवर गर्दी असते म्हणून मी "टिकेल की" म्हणते आणि पुढच्या माणसाकडे वळते. पण ते माझं खरं उत्तर नाही, खऱ्या उत्तराला वेळ लागतो, म्हणून आज लिहायला बसले.

आधी माझ्या टेबलावर काय दिसतं ते सांगते. मी दुकान सुरू केलं तेव्हा घरटी एकच पत्रिका असायची आणि ती मराठीत असायची. आता एकाच लग्नाच्या दोन करतात, इंग्रजीतली ऑफिसात आणि मित्रमंडळींत वाटायला, मराठीतली गावाकडे न्यायला, आणि मराठीच्या प्रती कमी छापतात. मुलांच्या वाढदिवसाचं कार्ड मराठीत मागणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं येतं. तेरवीचं कार्ड मात्र आजपर्यंत कोणीही इंग्रजीत मागितलेलं नाही. आणि अख्खी इंग्रजी पत्रिका असली तरी तळाशी एक ओळ मराठीतच ठेवा म्हणतात, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!", त्याखाली घरातल्या लहान पोरांची नावं. ती पोरं कितीदा तरी आईबाबांसोबत दुकानात आलेली असतात. मी म्हणते, ये बाळा, तुझी ओळ वाचून दाखव, आणि बरीचशी पोरं "मामाच्या" पर्यंत येऊन अडखळतात. जी ओळ त्यांच्या तोंडची म्हणून आपण छापतो ती त्यांच्या तोंडी नाहीच. ती ओळ टाइप करताना माझा हात दरवेळी थांबतो.

लोक म्हणतात आकडे बघा, एवढी मोठी भाषा कशी मरेल. आकडे मोठेच आहेत, 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख, देशात तिसरा नंबर, आणि ऑक्टोबर 2024 मधे अभिजात दर्जाही मिळाला, त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले होते. पण जनगणनेचा आकडा मागचं सांगतो, तीसचाळीस वर्षांपूर्वी किती घरांत लेकराशी मराठीत बोलत होते ते. आज किती घरांत बोलतात ते कळायला अजून तीस वर्षं थांबावं लागेल आणि तेव्हा उशीर झालेला असेल.

आयर्लंडचं उदाहरण मी नेहमी देते. तिथे आयरिश ही घटनेनुसार पहिली राजभाषा आहे, रस्त्यांच्या पाट्यांवर आहे, शाळेत सगळ्यांना शिकवतात, तरी 2022 च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे जेमतेम 72 हजार निघाले. इंग्रजांचं राज्य होतं, 1845 पासूनच्या दुष्काळात माणसं मेली, जहाजं भरभरून अमेरिकेला गेली, ही कारणं खरीच आहेत. पण मला रुतलेली गोष्ट वेगळी आहे. 19 व्या शतकात तिथे पोरांच्या गळ्यात एक काठी अडकवायचे, पोरगं आयरिश बोललं की काठीवर एक खाच, आणि शाळेत मास्तर खाचा मोजून शिक्षा करायचा. घरी ती खाच पाडायचे आईबापच. ज्या बापाला स्वतःला इंग्रजी धड येत नव्हती तो आपल्या लेकराच्या गळ्यातल्या काठीवर चाकूने खाच पाडत होता, कारण पोराला इंग्रजी आली तर त्याला काम मिळेल, त्याचं पोट भरेल. त्याचा भाषेवर राग नव्हता, पोरावर जीव होता.

मी त्या बापाला नावं ठेवू शकत नाही कारण मीही तेच केलं. मुलगी केजीत असताना पालकसभेत शाळेनं सांगितलं, घरी इंग्लिशच बोला, नाहीतर ती मागे पडेल. आम्ही दोघांनी मान हलवली. दिवसभर मराठी अक्षरं जुळवून पैसे कमावणारी मी, संध्याकाळी घरी येऊन लेकीला "कम हिअर, वॉश युअर हँड्स" म्हणायला लागले, खाली खेळायला गेली की तिची भाषा हिंदी, आणि मराठी फक्त मी नवऱ्याशी भांडताना तिच्या कानावर पडायची. ती तिसरीत असतानाची गोष्ट. माझी आई काटोलजवळच्या गावात राहते, तिचा व्हिडिओ कॉल आला, "किती मार्क पडले व बाई तुले?" पोरगी खुशीत म्हणाली, "सेव्हन्टी नाइन!" आई म्हणाली, "कितीक?" पोरगी पुन्हा मोठ्यानं, "सेव्हन्टी नाइन, आजी!" मग मी मधे पडून म्हटलं, एकोणऐंशी. आईचा चेहरा फुलला आणि पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "एकोण व्हॉट?" आजी आणि नात, एकमेकींवर जीव टाकणाऱ्या, आणि त्यांच्या मधे दुभाषी म्हणून मी उभी. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात मराठी सुरू केली, पोरीनं महिनाभर उत्तरं इंग्रजीतच दिली, मी नेटानं बोलत राहिले. आता ती सातवीत आहे, इंग्रजीत कुठे मागे पडलेली नाही.

काही जण हिंदीवर खापर फोडतात, नागपूर हिंदीनं खाल्लं म्हणतात. मला तसं वाटत नाही. नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, पुढे सीपी अँड बेरारची, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशची, ते पार 1956 पर्यंत, आणि त्या प्रांताचा मोठा भाग हिंदी बोलणारा. कचेऱ्या, रेल्वे, 1877 ची एम्प्रेस कापड मिल, सगळीकडे दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदल्या, तेव्हा आमचं "काय करून राहिला बे" ही कालपरवा लागलेली कीड नाही, ती या शहराची कमाई आहे. भाषेत मिसळ झाली म्हणून भाषा मरत नाही. तंजावरला 17 व्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांच्याबरोबर गेलेल्या लोकांची मराठी तमिळमधे इतकी भिजलीय की आपल्याला कान देऊन ऐकावी लागते, राज्य 1855 मधे गेलं, तरी अजून घराघरांत ती बोलतात. उलट आमच्या पोरी पुण्याला शिकायला जातात, "मी जेवून राहिली" म्हटलं की कोणी हसतं, मग त्या रूमवर हिंदीच बोलतात. ते हसणं मला हिंदीपेक्षा जास्त घातक वाटतं.

आणि भाषा कशी जाते हे बघायला आम्हाला लांब जायची गरज नाही. हे शहर 1702 च्या सुमारास छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, बारा वस्त्या जोडून वसवलं. भोसले नंतर आले. गोंड राजाचा किल्ला याच महालात आहे, पण महालाच्या बाजारात दिवसभर फिरलात तरी गोंडी कानावर पडणार नाही. आडनावं आहेत, उईके, मडावी, मरसकोल्हे, कुमरे, मी रोज टाइप करते. देशात गोंड समाज एक कोटीच्या वर आहे आणि 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे साधारण 30 लाख. आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, 22 भाषा आहेत, 25 हजाराच्या आत आकडा असलेली संस्कृत आहे, 30 लाखांची गोंडी नाही. शाळा मराठीत किंवा हिंदीत, तहसील मराठीत, बँक मराठीत. आपल्याला इंग्रजीबद्दल जे दुखतं ते त्यांना आपल्याबद्दल दुखत असेल, हे मराठी माणसानं एकदा नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात गडचिरोलीकडचे एक आजोबा नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, सोबत नातू, कॉलेजातला, नागपुरातच वाढलेला. वर "जय सेवा" हा गोंडांचा नमस्कार हवा होता, बाकी मराठीत. ॲडव्हान्स द्यायला आजोबांनी नोटा काढल्या आणि तोंडातल्या तोंडात मोजायला लागले, उंदी, रंड, मुंड, नालूंग... माझे हात कीबोर्डवरच थांबले. तेलुगूत मूडू, नालुगू, तमिळमधे मूण्रु, नालु, आणि हे आजोबा माझ्या काउंटरवर मुंड, नालूंग म्हणत होते, द्राविडी घराण्यातली ही भाषा दक्षिणेतल्या बहिणींपासून केव्हाची दूर येऊन सातपुड्यात राहिली आणि आकडे अजून सांभाळून आहे. मी नातवाला विचारलं, तुला येतात का? तो म्हणाला, "नाही मॅडम, बाबांनी शिकवलंच नाही, म्हणाले शाळेत पोरं चिडवतील." आजोबा काही बोलले नाहीत, नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

मला अंदमानच्या बोआ सीनियर आठवतात. बो भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या, जानेवारी 2010 मधे गेल्या, सुमारे 85 वर्षांच्या होत्या. आईवडील गेल्यावर कितीतरी वर्षं त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला कोणीच नव्हतं, इतरांशी बोलायला त्या हिंदी शिकल्या. विचार करा, एकोणऐंशी म्हटलं तर समजणारं जगात कोणीच नाही.

पण परतीची वाटही आहे, आणि तीही घरातून, लहान लेकरांतूनच जाते. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांनी, माओरींनी, 1982 मधे बालवाड्या काढल्या, नाव ठेवलं कोहांगा रेओ, म्हणजे भाषेचं घरटं, आणि घरात तरुण आईबापांना भाषा येत नव्हती म्हणून पोरं थेट आज्यांच्या मांडीवर दिली. सरकारनं माओरीला राजभाषा केलं ते 1987 मधे, घरट्यांच्या नंतर. आणि आपल्याकडे गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मधे स्वतःच गोंडी शाळा सुरू केली, कोणाची वाट न बघता. म्हणून "मराठी टिकेल का" असं कोणी विचारलं की मला उलट विचारावंसं वाटतं, काल रात्री जेवताना तुम्ही पोराशी कुठल्या भाषेत बोललात?

आजोबांचं राहिलंच. चार दिवसांनी ते प्रूफ बघायला आले, नातू सोबत होताच. सगळं तपासून झालं आणि त्यांनी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं, तीच, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!" म्हणाले, "हे गोंडीत पायजे." मी म्हटलं, आजोबा मला येत नाही, तुम्ही सांगा, मी लिहिते. त्यांनी एकेक शब्द सांगितला, मी देवनागरीत टाइप केला, दोनदा मात्रा चुकली, त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं. मग प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली तर त्यांनी ती नातवाकडे सरकवली आणि मोठ्यानं वाच म्हणाले. पोरानं वाचलं, आजोबांनी मान हलवली, नाही. पुन्हा वाचलं, पुन्हा एक शब्द सुधारला. तिसऱ्यांदा त्यानं वाचलं तेव्हा आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आता छापा."