आल्फ्रिस्टनचे क्लर्जी हाउस : ओकचा सांगाडा, गवताचे छप्पर

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यातील आल्फ्रिस्टन या गावी, सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी, चौदाव्या शतकातील क्लर्जी हाउस, म्हणजे धर्मगुरूंचे निवासस्थान, उभे आहे. ते पाडून टाकण्याचे घाटत असताना तेथील धर्मगुरूंनी ते वाचवण्यासाठी धडपड केली आणि 1896 मध्ये, स्थापनेला जेमतेम एक वर्ष झालेल्या नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेने ते अवघ्या दहा पौंडांना विकत घेतले. ट्रस्टने घेतलेली ही पहिलीच इमारत.

आत जाण्याची घाई करू नये. हिरवळीवरून दर्शनी बाजू नीट न्याहाळली, तर घराची सारी रचना बाहेरूनच उलगडते. मध्ये छपरापर्यंत उंच, एकसंध दिवाणखाना आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, अशी ही ‘वील्डन’ पद्धत आहे. टोकांकडील वरचे मजले पुढे काढलेले असतात, त्यामुळे मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो. परंतु छप्पर सलग असल्याने तेथील वळचणीला खालून वक्र लाकडांचा आधार द्यावा लागतो. संपूर्ण भार ओकच्या सांगाड्यावर असतो आणि लाकडांमधल्या भिंती केवळ जागा भरतात. विणलेल्या काटक्यांवर माती लिंपून त्या करतात, म्हणजे आपल्या कोकणातील कुडाच्या भिंतींसारख्याच. ओक ताजा असतानाच कापून जोडत. वाळताना तो पिळवटतो, म्हणून अशा घरांत एकही रेषा सरळ सापडत नाही. मला तरी हेच त्यांचे खरे सौंदर्य वाटते.

आत गेल्यावर प्रथम वर पाहावे. पूर्वी चूल जमिनीच्या मधोमध असे आणि धुरांडे नसल्यामुळे धूर छपरातूनच वाट काढी. नंतर पायांखाली पाहावे : ही जमीन खडूच्या दगडाचा चुरा चोपून केलेली असून आंबट दुधाने ती घट्ट बसवली आहे. दिवाणखान्यातील एका लाकडावर कोरलेले ओकचे पानही अवश्य शोधावे. ट्रस्टचे बोधचिन्ह त्यावरूनच सुचले, असे सांगतात.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. जवळचे स्थानक बर्विक हे असून ते लुईस-ईस्टबोर्न मार्गावर आहे; स्कॉटलंडच्या सीमेजवळ याच नावाचे दुसरे स्थानक असल्याने तिकीट काढताना ससेक्समधीलच निवडल्याची खात्री करावी. स्थानकापासून गाव साधारण तीन मैलांवर आहे. चालत जायचे असल्यास चिखलात टिकतील असे बूट घालावेत. बसने जायचे असल्यास परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी. घर वर्षभर खुले नसते, त्यामुळे ट्रस्टच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ तपासल्याशिवाय निघू नये. दारे ठेंगणी आहेत आणि आत उजेड कमी असतो, म्हणून ज्येष्ठांना सोबत नेल्यास हात धरूनच आत न्यावे.