आधी बावडा, मग न्यू पॅलेस

कोल्हापूरला येणारे बहुतेक जण अंबाबाईचं दर्शन, रंकाळा आणि तांबडा-पांढरा उरकून जोतिबाकडे पळतात. वेळ उरलाच तर न्यू पॅलेस. कसबा बावड्यातला लक्ष्मीविलास पॅलेस मात्र राहूनच जातो. आम्ही या वेळी मुद्दाम तिथूनच सुरुवात केली, आणि माझं मत आहे की क्रम हाच ठेवावा.

रिक्षावाल्याला नुसतं 'पॅलेस' म्हणू नका, तो सरळ न्यू पॅलेसच्या फाटकात नेऊन सोडेल. 'बावडा, शाहू जन्मस्थळ' असं सांगा. बावड्याला केएमटीची बसही जाते.

नाव पॅलेस असलं तरी थाट राजवाड्याचा नाही. कागलच्या घाटग्यांचं हे घर. आबासाहेब घाटगे आणि राधाबाई यांचा मुलगा यशवंत इथे २६ जून १८७४ रोजी जन्मला, तोच पुढे राजर्षी शाहू महाराज झाला. मुलगा जेमतेम तीन वर्षांचा असताना आई गेली. १८८३ मध्ये कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले आणि १७ मार्च १८८४ रोजी त्यांच्या राणी आनंदीबाईंनी यशवंतला दत्तक घेतलं. हे डोक्यात ठेवून घर बघा, नाहीतर 'एवढंच?' म्हणत दहा मिनिटांत बाहेर याल.

डागडुजी करून वास्तूचं आता संग्रहालय केलंय. माझ्या आत्याचा सगळा जीव फलक वाचण्यात. महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांना नोकऱ्यांत दिलेल्या पन्नास टक्के आरक्षणाचा विषय निघाला तशी ती मला म्हणाली, "अरे, तेव्हा महाराज अठ्ठावीस वर्षांचे होते. तू अठ्ठाविसाव्या वर्षी काय करत होतास?" उत्तर दिलं नाही.

तिथून निघून त्याच बावडा रस्त्यावर शहराकडे परतताना न्यू पॅलेस लागतो. ब्रिटिश वास्तुविशारद मेजर मँटने आराखडा केलेली ही काळ्या दगडाची, घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिली. म्हणजे दत्तक विधान झालं त्याच वर्षी हा राजवाडाही पुरा झाला. बावड्याहून आलं की त्या साध्या घरापासून या राजवाड्यापर्यंतचं अंतर नीट कळतं. दरबार हॉलमध्ये मान वर करून काचा बघा. शिवचरित्रातले प्रसंग रंगीत काचांत उतरवलेत. ऊन चढलेलं असताना ते उजळतात, म्हणून दुपार होण्याआधी पोहोचावं. पेंढा भरलेले वाघ-अस्वलं मात्र मला झेपले नाहीत. आत्या तर त्या दालनातून पदर सावरत तरातरा पुढे निघाली. लहान मुलांना तेच सगळ्यात आवडतं, हेही खरं.

सोमवारी जाऊ नका, न्यू पॅलेसचं संग्रहालय बंद असतं. मधल्या सुट्टीतही दार लागतं, तेव्हा सकाळीच गाठा. आत फोटो काढायला मनाई आहे. २६ जूनला बावड्यात अभिवादनाला नेते, अधिकारी, शाळांची पोरं सगळेच लोटतात. सोहळा बघायचा तर तोच दिवस, घर बघायचं तर दुसरा कुठलाही. आणि मिसळ बावड्यातच खाऊन घ्या, पॅलेसपर्यंत थांबू नका.