स्वित्झर्लंडमध्ये खिसा सांभाळून, पण नीट जेवायचं

स्वित्झर्लंडला जाऊन आलेली मंडळी जेवणाबद्दल दोनच गोष्टी सांगतात: एकतर टूर कंपनीचा महाराज सोबत होता, नाहीतर ठेपले आणि कपातल्या नूडल्सवर दिवस काढले. आम्ही आई-बाबांना घेऊन स्वतःच आखलेल्या सहलीला गेलो होतो: झुरिक, ल्युसर्न, लाउटरब्रुनेन आणि शेवटी बर्न. बाबा पूर्ण शाकाहारी, आईला रात्री गरम जेवण लागतं. तिथलं खाणं महाग आहे हे खरंच, पण महाग आहे ते हॉटेलात खुर्चीवर बसून खाणं. दुकानात मिळणारं अन्न आपल्या ऐपतीतलं आहे आणि उत्तम आहे. तिथले लोकही रोज हॉटेलात जेवत नाहीत. ते जिथून आणतात तिथून आणायचं आणि ते जिथे बसतात तिथे बसायचं, एवढं जमलं की निम्मं काम झालं.

आधी भावांचा अंदाज देतो. एका फ्रँकला शंभर रुपयांच्या वर मोजावे लागतात. साध्या रेस्टॉरंटमध्ये एक मुख्य पदार्थ 25 ते 35 फ्रँक, कॉफी पाचच्या आसपास, बर्गर-फ्राइजचा संचसुद्धा 15 च्या घरात. चौघांचं रात्रीचं एक जेवण पाण्याच्या बाटलीसकट दीडशे फ्रँकवर सहज जातं. त्याच पैशात सुपरमार्केटमधून चौघांचं दोन दिवसांचं खाणं येतं, फळं आणि चीज धरून.

मिग्रो आणि कोप या दोन सुपरमार्केट साखळ्यांची नावं पाठ करून ठेवा. मिग्रोची सुरुवात 1925 मध्ये झाली, तीही दुकानातून नव्हे. गॉटलीब डुटवायलर यांनी झुरिकच्या रस्त्यांवर पाच ट्रक फिरवून कॉफी, तांदूळ, साखर, पास्ता, खोबरेल आणि साबण एवढ्याच वस्तू स्वस्तात विकायला घेतल्या. आज गावोगावी दुकानं आहेत. मिग्रोचा ‘एम-बजेट’ आणि कोपचा ‘प्री गारांती’ हे सगळ्यात स्वस्त माल असतात. दूध, दही, पास्ता, डबाबंद छोले यांत बिनधास्त तेच घ्या. चीज आणि पाव मात्र एक पायरी वरचे घेतले तर पैसे सार्थकी लागतात. ‘रुखब्रोट’ नावाचा करड्या पिठाचा पाव स्वस्त आणि भरीव असतो, दुसऱ्या दिवशीही चांगला राहतो. शनिवारी ‘त्सोप्फ’ घ्या. वेणीसारखा विणलेला, लोणी-दुधाचा हा पाव तिथे रविवारच्या न्याहारीला असतो. बाबांना तो इतका आवडला की लोणी आणि जर्दाळूच्या जॅमबरोबर त्यांनी रोज तोच मागितला.

दुकानांच्या वेळा पाळणं सगळ्यात महत्त्वाचं. खेड्यांत संध्याकाळी साडेसहाला शटर खाली येतं, शनिवारी त्याहून लवकर, आणि रविवारी जवळपास सगळं बंद. मोठ्या रेल्वे स्थानकांतली आणि विमानतळावरची दुकानं रविवारीही उघडी असतात. डोंगरात मुक्काम असेल तर शनिवारी दुपारीच सोमवार सकाळपर्यंतचं सामान भरा. दुकान बंद व्हायच्या आधी तासभर गेलात तर सॅलड, सँडविच, पाव यांवर 25 किंवा 50 टक्के सवलतीची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिथले नोकरदारही ती बघूनच उचलतात, आपण संकोच करायचं कारण नाही.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी पिण्याजोगं असतंच, शिवाय रस्त्यारस्त्यावर वाहती कारंजी आहेत. एकट्या झुरिकमध्ये ती 1200 हून जास्त आहेत. ‘काइन ट्रिंकवासर’, म्हणजे पिण्याचं पाणी नाही, अशी पाटी असेल तेवढं सोडून कुठेही बाटली भरा. रेस्टॉरंटमध्ये मात्र नळाच्या पाण्याचेही काही ठिकाणी पैसे लावतात, आधी विचारून घ्या. टिप बिलातच धरलेली असते, वेगळी द्यायची सक्ती नाही.

दुपारचं गरम जेवण हवं असेल तर कोप, मिग्रो आणि मॅनोर हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर यांची स्वतःची स्वयंसेवा रेस्टॉरंट आहेत. 15 ते 20 फ्रँकमध्ये भरपेट होतं, आणि समोर काय मांडलंय ते डोळ्यांनी बघून घेता येतं. शाकाहारी माणसाला याचा मोठा दिलासा असतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये जायचंच असेल तर दुपारी जा. ‘टागेसमेन्यू’ म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, सोबत बहुतेकदा सूप किंवा सॅलड असतं, आणि ते रात्रीच्या मानाने बरंच स्वस्त पडतं. बांधून घेतलं तरी थोडा फरक पडतो, कारण बसून खाण्यावर 8.1 टक्के कर आहे आणि बांधून नेलेल्या खाण्यावर 2.6.

शाकाहाऱ्यांसाठी लेबलवरचे काही जर्मन शब्द: ‘श्वाइन’ म्हणजे डुक्कर, ‘रिंड’ म्हणजे गोमांस, ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे. हा श्पेक फार ठिकाणी लपलेला असतो. रोश्टी ही किसलेल्या बटाट्याची खरपूस, जाड पोळी. मॅक्रोनी, बटाटा, साय आणि चीज यांचा सफरचंदाच्या गराबरोबर खायचा पदार्थ म्हणजे एल्प्लरमाग्रोनेन. दोन्ही मागवताना ‘ओने श्पेक’, म्हणजे श्पेकशिवाय, असं सांगाच. पिवळ्या-हिरव्या रंगातलं V चं चिन्ह असेल तर पाकीट शाकाहारी. आणखी एक गोष्ट, जी टूरवाले क्वचितच सांगतात: ग्रुयेर, एमेंटाल ही पारंपरिक चीज बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरतात. घरात कोणी काटेकोर असेल तर V चं चिन्ह असलेलंच चीज घ्या. आम्ही बाबांना हे आधीच सांगितलं. निर्णय त्यांनीच घ्यायचा होता.

आता रात्रीचं जेवण. एकवेळ छोटी खोली घ्या, पण स्वयंपाकघर असलेली घ्या. युथ हॉस्टेलच्या दरात न्याहारी धरलेली असते, तोही चांगला पर्याय आहे. आम्ही अपार्टमेंट घेतलं आणि आईने हौसेने रोज रात्री गरम जेवण केलं. घरून नेलेल्या हळद, हिंग, जिरं-मोहरी आणि गोडा मसाल्याच्या पुड्या पुरल्या. बासमती, लाल मसूर, बटाटे, नारळाचं दूध, दही सगळं तिथल्या साध्या दुकानात मिळतं. मसूरच घ्या. तिथल्या स्वयंपाकघरात कुकर नसतो, तूर शिजता शिजत नाही, मसूर वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होतो. फोडणी देताना खिडकी उघडा आणि चिमणी चालू ठेवा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो.

इथून काय न्यायचं याबद्दल सावध राहा. युरोपबाहेरून मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप, पनीर नाही. ताजी फळं-भाज्याही नाहीत, त्यामुळे मिरच्या, कढीपत्ता, लिंबं घरीच ठेवा. चिवडा, तेलातली चटणी, मेतकूट, कोरडे मसाले एवढं न्या. त्यापेक्षा जास्त लागतही नाही.

दिवसा डोंगरात असाल तर डबा सोबत हवाच. युंगफ्राउयोख या रेल्वेने जाता येणाऱ्या खिंडीत, 3454 मीटरवर, ‘बॉलीवूड’ नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे आणि तिथे आपल्याकडच्या गटांची गर्दी असते. पण वर पोचायच्या तिकिटाला आधीच एवढे पैसे गेलेले असतात की मी तरी पाव-चीज, काकडी आणि चिवडा घेऊनच जा असं सांगेन. रेल्वेगाडीत खायला बंदी नाही. सकाळी लाउटरब्रुनेन किंवा इंटरलाकेन ओस्टच्या कोपमधून सामान घ्या आणि गाडीत बसा.

आम्हाला सगळ्यात आवडलेली जेवणं उघड्यावरची. पायवाटांवर, तळ्याकाठी ‘फोयरश्टेले’ म्हणजे सार्वजनिक चुली बांधलेल्या असतात, काही ठिकाणी लाकडंही रचून ठेवलेली. आम्ही मक्याची कणसं आणि भाजायचं चीज नेलं, मीठ-तिखट लावून भाजलं. शेजारच्या चुलीवरच्या कुटुंबाने आमची आग पेटवून दिली आणि बाबांनी त्यांना चटणी चाखायला दिली. समोर तळं, वर बर्फाचे डोंगर. शंभर फ्रँक देऊन ती जागा मिळाली नसती. उन्हाळ्यात कोरडं पडलं की आग पेटवायला बंदी येते, तेवढ्या पाट्या वाचा.

एका जेवणाला मात्र खर्च करा, आणि शाकाहारी असाल तर तो झुरिकच्या हिल्टलमध्ये करा. 1898 पासून चाललेलं हे रेस्टॉरंट जगातलं सर्वात जुनं शाकाहारी रेस्टॉरंट म्हणून गिनेस बुकात नोंदलेलं आहे. हे रेस्टॉरंट चालवणाऱ्या कुटुंबातल्या मार्ग्रिट हिल्टल 1951 मध्ये दिल्लीच्या जागतिक शाकाहार परिषदेला आल्या आणि परत जाताना आपले मसाले, आपली चव घेऊन गेल्या. तिथे बुफेत वजनावर पैसे घेतात, म्हणून भात आणि रसदार भाज्यांनी ताट जड करू नका. थोडं थोडं सगळं घ्या. बाबांनी तिथे काहीही न विचारता, पाटी न वाचता ताट वाढून घेतलं. पूर्ण सहलीत ते पहिल्यांदाच.

बर्नला मंगळवारी किंवा शनिवारी सकाळी असाल तर संसदेसमोरच्या बुंडेसप्लाट्झवर बाजार भरतो. मोसमात चेरी आणि जर्दाळू घ्या. चॉकलेट मात्र विमानतळावर घेऊ नका. मिग्रोत ‘फ्राय’ या ब्रँडची चॉकलेटची वडी मिळते, वाटायला तीच भरपूर घ्या. उन्हाळ्यात ती हातातल्या बॅगेत ठेवा.