विंडोज १० नंतर कामासाठी काय निवडलं: माझा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा माझा लॅपटॉप ठणठणीत होता. एसएसडी टाकलेली, रॅम वाढवलेली. पण प्रोसेसर सातव्या पिढीचा आय-५, आणि विंडोज ११ ला इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच चालतात. धडधाकट मशीन भंगारात काढायला मन धजेना.

माझं काम जँगो आणि रिॲक्ट या साधनांनी वेबसाइट बनवण्याचं, कोड जातो उबंटूच्या, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराच्या, सर्व्हरवर. आयफोनची ॲप करायची असती तर ॲपलच्या एक्सकोड या साधनासाठी मॅक घ्यावाच लागला असता. तो प्रश्न नव्हता. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ मी वापरत होतोच. त्यात खरा लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालतो आणि ते चांगलं आहे, फक्त प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नये. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची साधी ‘स्टेटस’ कमांडसुद्धा तिथे रेंगाळते, कारण प्रत्येक फाइल एका सिस्टीममधून दुसरीत जाऊन वाचावी लागते. लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये कोड हलवला की तेच काम झटक्यात होतं.

माझा कौल लिनक्सकडे गेला तो एका बिल्डमुळे, म्हणजे कोडचं चालतं ॲप तयार करताना. प्रोजेक्टमधल्या इन्व्हॉइस फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल ‘आय’, आणि ती फाइल वापरायला घेणाऱ्या इम्पोर्टच्या ओळीत स्मॉल. विंडोजवर सगळं सुरळीत, सर्व्हरवर ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. विंडोज फाइलच्या नावातला कॅपिटल-स्मॉल फरक मानत नाही, मॅकही एरवी मानत नाही, लिनक्स मानतो. असली चूक सर्व्हरवर जाण्याआधी माझ्याच टेबलावर दिसली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ॲप स्वतंत्र कप्प्यात चालवणाऱ्या डॉकरचंही तसंच: लिनक्सवर तो थेट मशीनचाच कर्नल वापरतो, मध्ये व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला काँप्युटर) लागत नाही, रॅम वाचते.

फेडोरा हे दुसरं लिनक्सही आवडलं होतं, पण तिथे दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि प्रत्येकीला जेमतेम १३ महिने अपडेट. उबंटूच्या एलटीएसला, म्हणजे दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीला, पाच वर्षं मिळतात. सर्व्हरवर २४.०४, म्हणून लॅपटॉपवरही २४.०४.

इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच थेट (लाइव्ह) चालवून पाहिलं: वाय-फाय, माइक, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, एचडीएमआय. आणि मराठी! आयबस या टायपिंगच्या सोयीत इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड मिळाला, ब्राउझर नि एडिटरमध्ये मजकूर नीट उमटला. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) मात्र जोडाक्षरं तुटतात. डेटाबेसमधली मराठी नावं तपासताना ते खुपतं. तेवढ्यासाठी मी एडिटरमध्ये आउटपुट उघडतो.

टॅलीला विंडोजच लागतं, ते काम घरच्या दुसऱ्या मशीनवर होतं.

तुम्ही बदलणार असाल तर डिस्क पुसण्याआधी एसएसएच की (सर्व्हरवर शिरायची डिजिटल किल्ली), डॉट-एनव्ही फायली (पासवर्डसारख्या गुप्त सेटिंग्जच्या) आणि लोकल डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) बाहेरच्या डिस्कवर घ्या. कोड गिटवरून परत येतो, या तीन गोष्टी सहसा तिथे नसतात.